नाईट त्याच रात्री, चेक ९० दिवसांनी

प्रति,
मराठी मालिकांचे सगळे निर्माते
आणि वाहिन्यांच्या कचेऱ्यांत बिलांवर सही करणारी सगळी मंडळी,
मुंबई

स. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखता. नाव पटकन आठवणार नाही कदाचित. पण नायिका देवघरासमोर रडत बसलेली असते तेव्हा मागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवणारी जी बाई असते, ती मी. गेल्या २६ वर्षांत तुमच्याकडे मी सहा जणांची आई झाले, दोघींची सासू, एकीची आत्या, एकदा कामवाली मावशी आणि एका लीपनंतर, म्हणजे कथेने काही वर्षांची उडी मारल्यावर, पांढरा विग घालून आजीसुद्धा. माझं वय ५१. त्या आजीचा नातू माझ्यापेक्षा १४ वर्षांनी लहान होता.

पत्राखाली नाव नाही. त्याला घाबरणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मला उद्या सकाळी सातला सेटवर हजर राहायचा कॉल आहे आणि तो परवाही असावा अशी माझी इच्छा आहे.

विषय पैशांचा आहे. किती देता हे आत्ता राहू द्या, त्यावर भांडायला मॅनेजर ठेवलेत लोकांनी. कधी देता, एवढंच बोलायचं आहे.

मी नाटकातून आले. तिथे मानधनाला 'नाईट' म्हणतात, हे तुमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक असेल, कारण तुम्हीही तिथूनच आलात. शिवाजी मंदिरला रात्रीचा प्रयोग संपला की आम्ही बायका मेकअप उतरवायला बसायचो. मॅनेजर पाकिटं घेऊन आत यायचा, तो आधी आरशात दिसायचा. आमच्या हाताला कोल्ड क्रीम लागलेलं, म्हणून पाकीट हातात न देता आरशाच्या चौकटीत खोचून पुढे जायचा. माझ्या पहिल्या पाकिटात ३०० रुपये होते. बुकिंग पडलेलं असलं तर तो दारातच घुटमळायचा आणि म्हणायचा, "ताई, आज अर्धीच देतो, उरलेली पार्ल्याच्या प्रयोगाला." पार्ल्याच्या प्रयोगाला उरलेली यायची. नाटकवाले काही साधुसंत नव्हते. पण केलेलं काम आणि त्याचा पैसा यांच्यात फार तर एका शेवटच्या लोकलचं अंतर असायचं.

१९९९ साली अल्फा मराठी आली, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आली, आणि आम्हा सगळ्यांची तोंडं गोरेगावच्या चित्रनगरीकडे वळली. रोजची मालिका म्हणजे महिन्याचे पंचवीस दिवस काम, असं आम्हाला वाटलं. ते खरंही होतं. नव्वद दिवसांची गंमत नंतर कळली.

ज्यांना ही गंमत माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे वाचकांसाठी, हिशेब मांडते. तुम्हाला तो पाठच आहे. समजा, १ जूनला मी मुलीच्या पाठवणीचा सीन केला. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत रडले, कारण आधी मास्टर, म्हणजे सगळ्यांचा एकत्र शॉट झाला, मग नायिकेचा क्लोज, मग नवऱ्यामुलाचा, मग सासूचा, आणि माझा क्लोज सगळ्यात शेवटी, जेव्हा डोळ्यांत काही उरलेलं नसतं. (ग्लिसरीन असतं. पण नाकाला लाली ग्लिसरीनने येत नाही.) जून संपल्यावर, जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी महिन्याचं बिल लावते. त्या दिवसापासून नव्वद मोजायचे. म्हणजे ऑक्टोबरचा पहिला आठवडा. मध्ये शाळेची फी येऊन जाते, गणपती येऊन जातात, पितृपक्षही उरकतो. करारात ९० लिहिलेले असतात, प्रत्यक्षात चार महिने होतात. आणि हे सगळं वेळेवर झालं तर!

नाही झालं तर अकाउंट्सला फोन करायचा. तिथली मुलगी गोड असते, दर वेळी तीच गोड मुलगी असते असं वाटतं. "मॅडम, चॅनलकडून अजून आलं नाहीये." चॅनलमध्ये कोणी ओळखीचं निघालं तर तो सांगतो, "आमच्याकडून कधीच रिलीज झालंय." या दोन वाक्यांच्या मध्ये माझ्या माहितीतल्या कितीतरी बायकांचे दागिने गहाण पडले आहेत.

मढला सेट होता तेव्हा मी वर्सोव्याच्या धक्क्यावरून होडीने जायचे. मार्व्याला वळसा घालून रस्त्याने गेलं तर दीड तास आणि होडीने पाच मिनिटं, म्हणून आमच्यातले पुष्कळ जण तसेच जातात. एक कोळीण रोज भेटायची. मला पात्राच्याच नावाने हाक मारायची आणि विचारायची, "काय गो बाय, तुझ्या पोराला अक्कल कवा येनार?" एकदा ती म्हणाली, तुम्हाला काय, पैसे बख्खळ मिळत असतील. मी म्हटलं, मिळतात, पण चार महिन्यांनी. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आनि तवर खातीस काय?" तिच्या पाटीतले बोंबील संध्याकाळच्या आत पैसे होऊन घरी गेलेले असतात. होडीत बसून मला तिचा हेवा वाटला होता.

सिनेमात तरी आमच्या हातात एक दोरी असायची: डबिंग. चित्रीकरण होऊन जायचं, निर्माता बाकी ठेवायचा, आणि मग एक दिवस त्याला तुमचा आवाज लागायचा. "बाकी क्लिअर करा, मग माईकसमोर उभी राहते," असं अगदी गरीब गाय असलेली नटीसुद्धा म्हणू शकायची. मालिकेत सिंक साऊंड आला. आवाज जागेवरच रेकॉर्ड होतो. संध्याकाळी पॅकअप होताना माझा चेहरा, आवाज, अश्रू सगळं तुमच्या हार्डडिस्कमध्ये गेलेलं असतं आणि माझ्या हातात काहीही नसतं, उद्याचा कॉल टाइम सोडून. तोही व्हॉट्सॲपवर रात्री अकराला येतो.

आता तुम्ही म्हणाल, ही पद्धत आहे, पहिल्यापासून आहे. पहिल्यापासूनचं सांगायचं तर जुलै १९३९ मध्ये नटी शांता आपटे पुण्याला प्रभात फिल्म कंपनीच्या दारात उपोषणाला बसल्या होत्या. 'अमृतमंथन' झालेला, 'कुंकू' झालेला, देशभर नाव झालेलं, आणि ही बाई करार आणि पगाराच्या वादावरून स्वतःच्याच स्टुडिओच्या दारात उपाशी बसली. पुढच्या वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहिलं. प्रश्नचिन्ह त्यांचंच आहे. तेव्हा पद्धत जुनी आहे हे मान्य, पण तिच्यावरची तक्रारही तेवढीच जुनी आहे. इतकी वर्षं उलटून आमच्यात फरक एवढाच पडला की मी दारात बसत नाही, निनावी पत्र लिहिते.

मधल्या पिढीने यावर एक तोड काढली होती, ती म्हणजे नोकरी. बँकेत, एलआयसीत, सचिवालयात. दिवसा खिडकीवर पासबुकं भरायची आणि रात्री तालमीला जायचं. रीमाताई लागू युनियन बँकेत होत्या, नोकरी करून नाटकं करत होत्या. एक तारखेला पगार होतोय म्हटल्यावर नटी वाईट भूमिकेला नाही म्हणू शकते, आणि चांगली भूमिका कमी पैशांत करू शकते. मराठी रंगभूमीवरच्या कितीतरी चांगल्या कामांमागे राष्ट्रीयीकृत बँकांचा पगार उभा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणी तरी अभ्यास करायला हवा यावर.

रोजच्या मालिकेने ती तोड संपवली. महिन्याला २० ते २५ दिवस, दिवसाला बारा-तेरा तास, कॉल कधी येईल त्याचा भरवसा नाही. अशा बाईला कोण नोकरी देणार? शिवाय तुमच्या करारात 'एक्सक्लुझिव्ह' नावाचं कलम असतं. तुमच्याकडे महिन्याला बारा दिवस काम असलं तरी उरलेले अठरा दिवस दुसऱ्या वाहिनीवर दिसायचं नाही. नोकरी गेली, दुसरी मालिका बंद, आणि पहिल्या मालिकेचे पैसे ऑक्टोबरमध्ये.

आईच्या भूमिकांचं तर वेगळंच गणित आहे. 'मैंने प्यार किया' आला १९८९ मध्ये. रीमाताईंचा जन्म १९५८ चा, सलमान खानचा १९६५ चा. सात वर्षांनी लहान मुलाची आई! 'वास्तव'मध्ये संजय दत्त त्यांच्याहून एका वर्षाने लहान. आणि रोहिणीताई हट्टंगडींनी 'अग्निपथ'मध्ये अमिताभ बच्चनची आई केली, जे त्यांच्यापेक्षा वयाने कितीतरी मोठे आहेत. ही हसण्यासारखी गोष्ट आहे आणि आम्ही मेकअप रूममध्ये हसतोही. पण याचा पैशांशी संबंध आहे. बाईला तिशीच्या अलीकडे नायिका करता, पस्तिशीला आई करता आणि मधली वर्षं कोणी लिहीतच नाही. त्या मधल्या वर्षांतच घर भाड्याचं असतं, मूल लहान असतं, सासरे आजारी असतात. त्या वर्षांत हातातला पैसा चार महिने मागे धावत असेल तर बाई थांबते. लोक म्हणतात, लग्नानंतर तिने काम सोडलं. अहो, लग्नाने नाही सोडलं. ऑगस्टमध्ये तिच्याकडे रिक्षाला पैसे नव्हते.

एकीचं सांगते. माझ्या मुलीचं काम करायची. सांगलीकडची, स्पर्धांमधून आलेली, आणि काय डोळे होते पोरीचे, मी तिच्यासमोर संवाद विसरायचे. गोरेगावला तिघींत एक खोली. पहिला चेक येईपर्यंत चार महिने भाडं, डिपॉझिट, जेवण, स्वतःच्या चपला, स्वतःचं फाउंडेशन, कारण सेटवरचं तिच्या चेहऱ्याला चालत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात ती सेटवरचं दुपारचं जेवण डब्यात भरून रात्रीसाठी न्यायला लागली. स्पॉटदादाने ते बघितलं आणि काही न बोलता तिच्यासाठी दोन चपात्या जास्त ठेवायला लागला. त्याचेही पैसे थकलेले होते, हे मला नंतर कळलं. पाचव्या महिन्यात टीआरपी पडला, गुरुवारी आकडे आले, शनिवारी तिचा ट्रॅक, म्हणजे कथेतला तिचा धागा, गुंडाळला. मुलगी शिकायला परदेशी गेली, असं एका फोनवरच्या संवादात आटपलं. तो संवाद मी बोलले होते. ती आता गावी बालवाडीत शिकवते. तिचे शेवटचे पैसे आले तेव्हा तिने मला मेसेज केला, "आई, आले." पॅकअपनंतरही ती मला आईच म्हणायची.

आणि माझं स्वतःचं. तीन वर्षं एका मालिकेत होते. एके दिवशी आर्ट डिपार्टमेंटच्या मुलाचा फोन आला. "ताई, तुमचा एखादा हसरा फोटो द्या ना. जरा जुना, प्रिंट असली तर बरं, स्कॅन करून परत देतो. मोठा करायचाय." मी म्हटलं, कशाला रे? तो गप्प. मग म्हणाला, "ईपी सर बोलले नाहीत का तुमच्याशी?" ईपी म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. असं मला माझं मरण कळलं. पुढचे चार महिने नायिका त्या फोटोसमोर उभी राहून रोज माझ्याशी बोलायची. चंदनाचा हार, पुढे निरांजन. प्रेक्षकांना फार आवडलं म्हणे. फोटोला पर-डे, म्हणजे दिवसाचं मानधन, नसतो, ते ठीक आहे. पण मी जिवंत असताना केलेल्या शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे मला मेल्यानंतर सात महिन्यांनी मिळाले.

लॉकडाऊनचं काढू नये म्हणता, पण काढते. १९ मार्च २०२० ला सगळी चित्रीकरणं थांबली. त्या दिवशी माझी डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी अशी तीन महिन्यांची मेहनत तुमच्याकडे पडून होती आणि माझ्याकडे किराण्याची यादी होती. माझा पैसा तुमच्याकडे बिनव्याजी ठेव म्हणून असतो, हे तोवर मी कधी त्या नजरेने पाहिलंच नव्हतं. मे अखेरीस सरकारने चित्रीकरणाला परवानगी दिली ती ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर बंदी घालून. आमच्यातल्या एक आजी तेव्हा मला फोनवर म्हणाल्या, "करोनाने मरेन की नाही माहीत नाही, घरात बसून नक्की मरेन." ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. सप्टेंबरमध्ये आशालताताई वाबगावकर साताऱ्याला मालिकेच्या चित्रीकरणासाठी गेल्या होत्या, तिथे करोना झाला आणि २२ तारखेला त्या गेल्या. वय ७९. रीमाताई २०१७ मध्ये ५८ व्या वर्षी गेल्या तेव्हाही त्यांची मालिका चालू होती. आमच्यात निवृत्ती नाही, पेन्शन नाही. निदान केलेल्या कामाचा पैसा आमच्या हयातीत हातात पडावा, ही मागणी फार आहे का?

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. सेटचं भाडं, लाइट, जनरेटर, रोजचं जेवण हे रोख किंवा महिन्याच्या आत जातं आणि वाहिनीचा पैसा उशिरा येतो. मधला खड्डा कोणी तरी भरायचा असतो. माझं म्हणणं एवढंच, की तो खड्डा बँकेच्या कर्जाने भरा. आत्ता तो तुम्ही मेकअपदादा, हेअरताई आणि आमच्यासारख्यांच्या पैशांनी भरताय, आणि आम्ही तुमच्याकडून व्याज घेत नाही म्हणून भरताय. आमच्या बिलातून १० टक्के टीडीएस कापता, तो सरकारकडे बिनबोभाट जातो. का? तर उशीर झाला की सरकार महिन्याला दीड टक्का व्याज लावतं. छोट्या कारखानदाराचं बिल ४५ दिवसांच्या आत चुकतं करायचा कायदा २००६ पासून आहे. सिने कामगारांचा १९८१ चा कायदा कथाचित्रपटांपुरता होता, रोजच्या मालिका तेव्हा नव्हत्याच. २०२० च्या कामगार संहितेत मात्र 'दृक्‌श्राव्य कामगार' आला आणि मालिकाही आल्या. म्हणजे दिल्लीलासुद्धा कळलं की आम्ही कामगार आहोत.

तर मागणं असं. तीस दिवस. बिल लावल्यापासून तीस, टेलिकास्टपासून नव्हे, आणि 'चॅनलकडून आल्यावर' तर अजिबात नव्हे. ती तारीख करारात आकड्यात लिहा. उशीर झाला तर सरकारला देता तोच दीड टक्का आम्हालाही द्या. आणि वाहिन्यांनी निर्मात्याला पुढचा हप्ता सोडण्याआधी, आधीच्या महिन्याचे कलाकारांचे आणि तंत्रज्ञांचे पैसे दिल्याचा कागद मागावा. कलाकाराच्या कपाळावरची टिकली मागच्या सीनपेक्षा अर्धा सेंटीमीटर वर गेली तर तुमच्या क्रिएटिव्ह टीमला लंडनहून आलेल्या लिंकवरही दिसते. हा कागद बघणं तुम्हाला जड नाही.

हे अशक्य आहे असं कृपा करून सांगू नका. मी एका निर्मात्याकडे दोन वर्षं काम केलं, तिथे दर महिन्याच्या दहा तारखेला पैसे जमा व्हायचे. लहान माणूस, एकच मालिका, ऑफिसात तीन खुर्च्या. मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला कसं जमतं? म्हणाले, "माझी बायको नटी होती."

जूनचं बिल मी ३ जुलैला दिलेलं आहे. पोच घेतली आहे.

कळावे,
आपली,
सहा जणांची आई

ता. क. — फोटोतून मी ज्या मालिकेत चार महिने काम केलं, ती संपूनही आता दीड वर्ष झालं. सेट मोडला असेल. पण माझी मूळ प्रिंट आर्ट डिपार्टमेंटच्या कुठल्या खोक्यात सापडली तर पाठवून द्या. भाच्याच्या मुंजीतली आहे, दुसरी प्रत नाही. हार मात्र तिथेच राहू द्या.